काजऱ्याखालचं लोखंड

बाजारात नारळ घेताना चारचौघं तो कानाशी हलवून बघतात. मी हलवत नाही. मी तो तळहातावर घेतो, डोळे मिटतो आणि तोलतो. नारळवाली ओळखीची आहे म्हणून बरं, नाहीतर म्हणाली असती, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. बायको मात्र प्रत्येक वेळी तेच म्हणते, "अहो, नारळ आहे तो. त्यात लोखंड नसतं. घ्या आणि चला." तिचंही खरंच आहे. पण उभा जन्म दगड तोलण्यात गेला, आता हाताला काय सांगू?

खाण म्हटलं की लोकांना ट्रकांच्या रांगा, लाल झालेली झाडं आणि मांडवीतल्या बार्जी आठवतात. आम्ही त्या सगळ्याच्या फार आधी जाणारे. जिथे रस्ता नाही, ट्रक नाही, कुणाला काही ठाऊक नाही, तिथे एक हातोडी, एक भिंग, होकायंत्र आणि कापडी पिशव्या घेऊन हिंडायचं. डोंगर पायांनी वाचायचा. ओढ्यातले गोटे उलटून बघायचे. दगड फोडायचा, ताजा तुकडा जिभेने ओला करायचा, भिंगाखाली धरायचा. फुटक्या बशीच्या बुडाच्या खरखरीत कडेवर घासायचा. लोखंडाचा दगड बाहेरून कितीही काळा दिसो, त्या पांढऱ्या कडेवर तो रक्तासारखी लाल रेघ ओढतो. ती रेघ उमटली की आजही मी दगड लगेच खाली ठेवत नाही. खोटं कशाला सांगू!

एवढं करून बहुतेक वेळा निघतं काय, तर काही नाही. आमच्या धंद्यात 'काही नाही' हेच रोजचं पीक. ते नीट कापून, बांधून, हापिसात नेऊन द्यायचं. लाटंबार्स्याला एका काजूवाल्याने मला हात धरून गोठ्यामागे नेलं होतं. तिथला दगड चकाकत होता. "भांगर न्हू?" म्हणाला. सोनं नव्हे, अभ्रक आहे, असं मी परोपरीने समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "लखलखता मू? मागीर?" म्हणजे चकाकतंय ना, मग काय! मग त्यानेच समजूत काढली, "वचूं दी. भांगर ना जाल्यार बोंडू तरी खा." काजूचे बोंडू खाऊन, शर्टावर डाग पाडून घेऊन मी परत आलो. असे किती डाग आहेत, बायकोला विचारा.

पण मला सांगायचंय ते पेडण्याचं.

गोवा राज्य व्हायच्या आधीचा हिवाळा होता तो. कोकणी की मराठी, या भाषेच्या आंदोलनाने वातावरण तापलेलं. भिंती घोषणांनी रंगलेल्या, आज हा रस्ता बंद, उद्या तो. अशा दिवसांत आमच्या मोठ्या साहेबांना नकाशावरचा पेडण्याचा कोरा भाग खुपायला लागला. डिचोलीत एवढं लोखंड आहे, मग पलीकडे का नसावं? "जाऊन बघून या," म्हणाले. मी मूळचा डिचोलीचाच, बोलीभाषेची अडचण नाही. माझ्याबरोबर बाबलो मुकादम आणि त्याचे खणणारे गडी, सगळे सावंतवाडीकडचे.

बाबलोबद्दल सांगायला हवं. माणूस अंगाने काटकुळा, आवाज मात्र देवळाच्या नगाऱ्यासारखा. कुठल्याही जमिनीत पहिला टिकाव मारण्याआधी तो गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे तिथल्या राखणदार देवाला नारळ ठेवून, हात जोडून, आम्ही कोण, कशाला आलो, ते मोठ्याने सांगायचा. मी एकदा घाईत म्हटलं, "बाबल्या, उद्या घाल रे." तर हातातला टिकाव खाली ठेवून म्हणाला, "साहेबांनू, दुसऱ्याच्या घरात इचारल्याशिवाय शिरतत काय? आधी गाऱ्हाणा, मगे टिकाव." तेव्हापासून मी कधी मधे पडलो नाही. शिवाय गाऱ्हाण्याशिवाय त्याचे गडी हलायचेच नाहीत, हेही होतंच.

धारगळच्या हमरस्त्यापासून बरंच आत, डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. तिथल्या शेवंतीवहिनींच्या खळ्याशेजारी, भात कापून झालेल्या तुकड्यात आम्ही तंबू ठोकले. आमचं जेवण वहिनीच रांधायच्या. घरात त्या आणि त्यांचे सासरे, ज्यांना सगळी वाडी आबा म्हणायची. नवरा गोपाळ डिचोलीला खाणीवर, तिथेच खोलीत राहायचा. चवथीला, जत्रेला आणि शिगम्याला घरी. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पण एकदा त्या सहज बोलून गेल्या, "म्हज्या संवसाराचे दीस एकठांय केले जाल्यार एक वर्स तरी भरतलें काय ना, देव जाणे." आणि लगेच हसल्या, आपणच काहीतरी गंमत सांगितल्यासारख्या.

सकाळी आम्ही डोंगर चढायचो. वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. धुकं इतकं की आपलेच हात दुसऱ्याचे वाटावेत. पुढे चालणारा बाबलो नाहीसा व्हायचा आणि नुसता त्याचा खोकला पुढे जायचा. वाळलेल्या गवतावर कोळ्यांची जाळी दवाने जड झालेली. मग ऊन यायचं आणि सडा हळूहळू पाण्यातून वर आल्यासारखा दिसू लागायचा. दुपारी काजूखाली आडवं होऊन मी डोळे मिटायचो. पाठीखालचा जांभा ऊबदार लागायचा. हा डोंगर कधीकाळी समुद्राच्या तळाशी गाळ होऊन पडला होता, हे मी पुस्तकात वाचलेलं. पण तिथे पडल्या पडल्या ते खरं वाटायचं. अर्धवट झोपेत लाटा ऐकू यायच्या. कोणता वार, कोणती तारीख, काही उरायचं नाही. पगार मिळायचा तो त्याचा, हे कुणाला सांगू नका.

अशाच एका सकाळी धुक्यातून चालताना मला ठेच लागली. वाडीकडे उतरणारी पायवाट सड्याच्या कडेला जिथे खाली वळते, तिथे काजऱ्याचं, म्हणजे कुचल्याचं, एक जुनं झाड होतं. त्याच्याखाली, मुळांच्या बेचक्यांत आणि पुढच्या उतारावर, शेवाळ चढलेले काळे दगड विखुरले होते. ज्याची ठेच लागली तो मी उचलला. हात खाली गेला. एवढ्याशा दगडाला एवढं वजन! बशीची कड काढली, घासला. लालभडक रेघ.

"बाबल्या!" मी ओरडलो.

तो धुक्यातून धावत आला. दगड हातात घेतला आणि दोन्ही हातांनी तोलून पाहिला. "आवशीचो घोव! साहेबांनू, ह्यां तर खाणीतला लोखंड!"

आता थोडं शास्त्र, पण कंटाळू नका. आमच्यात दगडाच्या दोन जाती. एक जागचा, म्हणजे जिथे जन्मला तिथेच मुळाला चिकटून असलेला. दुसरा आलेला, सुटून घरंगळत कुठेतरी येऊन पडलेला. आलेला दगड सापडला की चढणीकडे चालत जायचं. तो जिथे संपतो, तिथे किंवा त्याच्या जरा वर, त्याचं घर असतं. आणि हे दगड संपत होते अगदी सड्याच्या कडेला, त्या काजऱ्यापाशी. म्हणजे घर तिथेच, झाडाखालीच! पेडण्यात लोखंड!

एक गोष्ट खटकली होती. एक दगड भरीव, एक पत्र्यापत्र्यांचा, एक निळसर भुकटी सुटणारा. एकाच जागी इतक्या जातींचा दगड सहसा मिळत नाही. पण मी तिथल्या तिथे त्यावर एक सुरेख उपपत्ती बसवली. घड्या काय, भेगा काय, कोट्यवधी वर्षं काय! अशी उपपत्ती की ऐकणाऱ्याने रुमाल काढून डोळे पुसावेत. हौसेला मोल नसतं.

मी नमुने निवडून पिशवीत घालत होतो तेव्हा वहिनी चहाची किटली आणि पाव घेऊन वर आल्या. नेहमी हाक मारत यायच्या, आज गप्प उभ्या राहिल्या. माझ्या हातात एक ताजा दिसणारा दगड होता. काळ्याभोर अंगावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गारेची पांढरी रेघ.

"साहेब, तो..." त्या म्हणाल्या.

"काय वहिनी?"

"कांय ना." त्यांनी किटली खाली ठेवली. पदराने कप पुसत राहिल्या. मग एकदम विचारलं, "हांगा लोखंड मेळ्ळें जाल्यार खाण हांगाच जातली मू? दादले हांगाच कामाक रावतले?"

मी म्हटलं, "मिळालं तर होईल की. घरून जेवून कामावर जातील, घरी परत येतील."

त्यांनी काजऱ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या दगडाकडे पाहिलं आणि चहा ओतला.

संध्याकाळी खळ्याच्या कडेला बाबलोने लोखंडी पाट मांडला आणि घणाने नमुने कुटायला घेतले. प्रयोगशाळेला भुकटी लागते. पांढऱ्या रेघेचा दगड मी मुद्दाम पहिला दिला, गारेचं मला कुतूहल होतं. भुकटी झाली की तिचा गोल ढीग करायचा, भाकरी मोडावी तसे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि उरलेले दोन टाकून द्यायचे. पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असं करत करत मूठभर राहतं आणि त्या मुठीत सगळ्या डोंगराचं सार असतं, असं आम्ही मानतो. टाकलेला भाग बाबलोने केळीच्या बुडात लोटला. वहिनी दारात उभ्या होत्या. घणाचा पहिला घाव पडला तशा त्या आत गेल्या.

आबांना मात्र आमचं काम मुळीच पसंत नव्हतं. "डोंगर फोडल्यार झर आटतली," ते म्हणायचे. वाडीची वायंगणातली, म्हणजे पावसाळ्यानंतरची, शेती त्या झरीवरच. सासरा ओसरीवर बसून खाण होऊ नये म्हणून देवाला सांगतोय आणि सून चुलीपाशी व्हावी म्हणून. मला दोघांचं पटायचं. जेवताना मी दोघांकडे बघून हसायचो आणि भात कालवायचो.

काजऱ्याला धक्का न लावता आम्ही त्याच्या आजूबाजूला खड्डे खणू लागलो. वर चिरा, म्हणजे तोच जांभा, खाली चिरा, त्याखाली पांढरी-गुलाबी मऊ माती. पुढचा खड्डाही तसाच. लोखंडाचा मागमूस नाही. बाबलो खड्ड्यातून डोकं वर काढून म्हणायचा, "साहेबांनू, वर लगीन नि खाली सुतक! ह्यां काय गौडबंगाल?" मी म्हणायचो, खण. जरा उजवीकडे खण. रोज दुपारी काजूखाली पडून मी त्या लोखंडाचं स्वप्न बघायचो. काळी निळी शीर सड्याखालून सापासारखी चालली आहे आणि आपल्या पाठीखालून हळूच वळते आहे. जागा झालो की पुन्हा चिरा.

अशात गावची जत्रा आली आणि नेमकं रस्त्यांचं बिनसलं. झाडं आडवी पाडून वाटा अडवल्याच्या बातम्या. कुठे दगडफेक, कुठे जाळपोळ. बसगाड्या बंद. रेडिओ जे सांगे त्याहून भयंकर लोक सांगत. खाणीवरचे वाडीतले बाकीचे लोक रस्ते बंद होण्याआधीच्या शेवटच्या बसने रात्री येऊन पोचले होते. गोपाळ तेवढा पाळी बदलून मिळाली नाही म्हणून मागे राहिलेला. तो यायचा दिवस गेला. दुसराही गेला. म्हापशाकडे कुणीतरी जखमी झालं, पेडण्याचाच कोण तरी होता, अशी एक उडती खबर वाडीत आली. आबा दिवसभर वाटेकडे तोंड करून बसू लागले. वहिनी कामं करत होत्या, पण आमटीत मीठ नसायचं. आम्ही ती तशीच भुरकायचो.

जत्रेच्या दिवशी सकाळी मी तंबूबाहेर दाढी करत होतो. वहिनी समोर येऊन उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले.

"साहेब, ते फातर परत दियात."

"कुठले दगड?"

"काजऱ्या मुळांतले. ते दोंगराचे न्हय. आमच्या दादल्यांनी हाडून घाल्ले ते."

माझ्या अर्ध्या गालावर साबण तसाच. त्या एका दमात सांगू लागल्या. पोर्तुगीज काळात खाणी सुरू झाल्या तेव्हापासूनची रीत. खाणीवर गेलेला पुरुष सुखरूप घरी आला की तिथला एक दगड आणतो आणि वाडीत उतरण्याआधी काजऱ्याखाली राखणदारापुढे ठेवतो. बघ देवा, आलो. शेंदूर नाही, दिवा नाही, नुसता दगड. ठेवलेला दगड कुणी हलवायचा नाही आणि दिलेलं बोलून दाखवायचं नाही. आमच्यापैकी कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आणि बाबलोने गाऱ्हाणं घातलं म्हणताना, परवानगी घेतलीच असेल, असं वाडीने धरलं.

"तुमी काडले तेन्ना म्हाका दिसलें. ती धवी रेघ आशिल्लो, तो तांचो. हेच चवथीक घाल्लो. म्हाका दाखोवन घाल्लो." त्यांनी वर सड्याकडे बोट केलं. "आनी हांव ओगी रावलें. म्हटलें, खाण जातली, ते घरा रावतले. हांवें लोभ केलो साहेब. तांचो फातर वाटेवेलो काडूंक दिलो. आतां ते आयले नात."

घड्या, भेगा, कोट्यवधी वर्षं, सगळं त्या केळीच्या बुडाशी जाऊन पडलं. एका जागी इतक्या जातींचा दगड कसा, त्याचं उत्तर समोर उभं होतं. डिचोलीच्या सगळ्या खाणींतून, कितीतरी माणसांच्या पिशव्यांतून ते डोंगर चढून आलं होतं. मला हसू आलं असतं, पण वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. मला फार वाईट वाटलं. तोंड पुसलं आणि बाबलोला हाक मारली.

बाबलो ऐकून पांढराफटक पडला. "साहेबांनू, मी देवाक इचारलंय. पण बाजूच्या देवाक इचारूचा ऱ्हवला!" त्याने पहिल्या दिवशी गाऱ्हाणं घातलं होतं ते पायथ्याच्या मांगरापाशी, म्हणजे शेतावरच्या खोपटापाशी, तिथल्या राखणदाराला.

न कुटलेले दगड पिशव्यांतून काढले. पण पांढऱ्या रेघेच्या दगडाची तर भुकटी झालेली. चिमूटभर पिशवीत, ती इतरांच्यात मिसळलेली, आणि बाकीची केळीच्या बुडात. वहिनी तिथे बसल्या आणि बोटांनी लाल भुकटी गोळा करू लागल्या. माती येत होती, पाला येत होता. त्यांनी सगळं पदरात घेतलं. मीही बसलो. आयुष्यभर मी टाकायचा भाग टाकत आलो. तेवढा एकच मी परत वेचला.

वर गेलो तेव्हा सडा धुक्यात बुडालेला. पुढे वहिनी, पदराची ओटी दोन्ही हातांनी धरून. मागे दगड घेऊन बाबलो आणि मी. आबाही काठी टेकत आले, कुणी बोलावलं नसताना. दगड पुन्हा मुळांत ठेवले. वहिनींनी पदर मोकळा केला. काळ्या दगडांवर लाल रंग पसरला, ओल्या शेवाळाने तो धरून ठेवला. बाबलोने नारळ ठेवला, हात जोडले.

"बा राखणदारा, म्हाराजा... आमी परके, आमका ठावक नव्हता, रे म्हाराजा! चुकला माकला पोटात घाल, रे म्हाराजा! लेकरांनी जा काय उचलला, ता तुझ्या पायाशी परत हाडल्यानी हा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आबा आणि मी म्हणालो.

"आणि जो कोण तुझो लेकरू वाटेर असात, तेका सांभाळून, हाताक धरून, घराक हाड, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा आवाज आमचा नव्हता. सड्याच्या पलीकडून आला, धुक्यातून. बाबलोने हात जोडलेलेच ठेवून माझ्याकडे पाहिलं. त्याची बुबुळं गरगरा फिरत होती. मीही सांगतो, विज्ञानाचा पदवीधर असून, माझ्या अंगावर काटा आला.

मग धुक्यातून एक माणूस निघाला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्याला पिशवी. कुणाचं गाऱ्हाणं चाललंय म्हणून त्याने दुरूनच सवयीने साथ दिली होती. गाऱ्हाणं ऐकून गप्प बसायचं नसतं ना आमच्याकडे!

आबांच्या हातातली काठी पडली. वहिनी एक पाऊल पुढे गेल्या, थांबल्या आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो बाबलोच्या वरताण होता. "खंय मेल्ले तुमी इतले दीस!"

गोपाळ भांबावला. लाटंबार्स्याच्या वाटेने चालत निघालो, आडवाटेच्या गावात एक मुक्काम केला, नदी व्हडीने उतरलो, असं काहीतरी तो सांगू लागला. तिला काही ऐकायचं नव्हतं. ती त्याला बोलत होती आणि रडत होती. तो मधेच खिशातून रुमाल काढायचा, तिला द्यावा की नाही म्हणून परत ठेवायचा. मग त्याने पिशवीत हात घातला. सुका पाव, एक टॉवेल, आणि त्याखालून काळा, जड दगड. एवढी वाट चालताना त्याने तो टाकून दिला नव्हता. आमच्याकडे जरा संकोचाने बघत तो वाकला आणि लाल झालेल्या दगडांवर त्याने तो ठेवला.

जत्रा झाली. काल्याचा प्रसाद आम्ही सगळ्यांनी खाल्ला. मी खड्डे बुजवायला सांगितले.

निघायच्या आदल्या दिवशी वहिनी चूल फुंकता फुंकता म्हणाल्या, "म्हळ्यार हांगा कांयच ना?"

"नाही वहिनी. दगड आलेले आहेत. जागचं काही नाही."

"कांय म्हळ्यार कांय ना?" त्यांनी एक लाकूड आत सारलं. "म्हाका आपलें दिसतालें, इतलीं वर्सां घालतात फातर, इतल्या जाणांनी, इतल्या मनान. सकयल खंय तरी मूळ धरलां आसतलें."

इतक्या मनांनी ठेवलेल्या दगडांनी खाली कुठेतरी मूळ धरलंच असेल, असा त्यांचा हिशेब. एवढी पुस्तकं वाचली, पण त्या बाईचा डोंगर माझ्या डोंगरापेक्षा चांगला होता. आबा ओसरीवर खुशीत विडा लावत होते, त्यांची झर वाचली होती. वाटा मोकळ्या झाल्या तसा गोपाळ पुन्हा डिचोलीला गेला. खळ्याच्या कडेला उभं राहून त्या तो सडा चढून दिसेनासा होईपर्यंत बघत होत्या. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, आणि डोंगरासाठी बरं वाटलं. दोन्ही एकदम वाटत होतं, काय करणार!

हापिसात मोठ्या साहेबांनी खूप प्रश्न विचारले. प्रयोगशाळेत गेलेल्या चिमटीचा निकाल उत्तम आला होता, अर्थातच! मी अहवालात लिहिलं, दगड वाहून आलेला, मूळ जागा इथली नव्हे. पाण्याने वाहून आला की माणसाने, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दिलेलं बोलून दाखवायचं नसतं. पेडण्याचा तो भाग नकाशावर कोराच राहिला. पुढे भाषेचा कायदा झाला, गोव्याचं राज्य झालं. त्या सड्यावर माझ्या वह्यांत 'दगड', अहवालात इंग्रजी आणि बाबलो, वहिनी, गोपाळ सगळ्यांच्या तोंडी 'फातर', असे आम्ही तेव्हा सुखाने नांदलो होतो.

निवृत्त झाल्यावर एकदा, आंब्याच्या दिवसांत, धारगळवरून जायचा योग आला. रस्ता ओळखू येईना. पण आत वळल्यावर वाडी होती, झर होती, सडा होता. आबा केव्हाच गेले होते. ओसरीवर गोपाळ सुपारी कातरत बसलेला, केस पिकलेले. खाणी बंद पडल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून तो घरीच.

"आतां आसात, घराच," वहिनी मला पाणी देत म्हणाल्या. "सकाळी बगल्यार हांगा, सांजे बगल्यार हांगा. पांयांत येतात. देवान एकदम दिलें सगळें." आणि त्या अशा हसल्या की गोपाळ लाजून आत तंबाखू शोधायला गेला.

ओसरीच्या कोपऱ्यात चेपणीची बरणी होती. मिठाच्या पाण्यात तोरां, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, त्यांवर लाकडी फळी आणि कैऱ्या दबून राहाव्यात म्हणून वर एक काळा दगड. माझा हात आपोआप गेला. डोळे मिटले, तोलला. बाईच्या लोणच्यावर मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात उत्तम लोखंड बसलं होतं.

"हा काजऱ्याखाली नाही ठेवला?" मी विचारलं.

"निमाणो तो," गोपाळ आतून म्हणाला. "खाण बंद जाली तेन्ना हाडलेलो. घालूंक दिना ही."

"कित्याक दिवंचो?" वहिनी चुलीकडून म्हणाल्या. "थंय फातर घातलो म्हळ्यार मनीस परत खाणीर वचपाक मेकळो. दर फावट तशेंच जालां. आसूं दी हांगाच." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "साहेब, दवरा तो जाग्यार. तोरां वयर येतलीं."

मी तो जागेवर ठेवला.